सीटखालचा नारळ

नातवाच्या नव्या गाडीपुढं नारळ फुटला आणि माझा हात कपाळावरच्या वणावर गेला.

छप्पन साली आम्ही दोघा भावांनी लष्कराच्या लिलावातली जुनी लॉरी घेतली होती. चाकणचा कांदा पुण्याला न्यायचो. वळणावर कधीकधी ठोके ऐकू यायचे. सगळी गाडी खोलून पाहिली; सीट तेवढी उचलली नाही, कारण तिच्याखाली आईनं खंडोबाचा नारळ ठेवला होता.

भोसरीजवळ पुन्हा ठोके आले, गाडी थांबवली. “माल कोंबून कोंबून चाकाचा आस तूच मोडलास, भाड्या!” म्हणत दादानं गाडी सुरू करायचं हँडल माझ्या कपाळावर हाणलं. मी त्याचा हात मोडेपर्यंत पिरगाळला. झटापटीत सीट उलटली आणि भंडारा लावलेला नारळ पत्र्यावर ठकठकत माझ्या रक्तात आला.

त्याला तडासुद्धा गेला नव्हता. दादा आणि मी पुन्हा कधी एका गाडीत बसलो नाही.