लिफ्टमधलं बटण

काकूंनी बटण दाबलं होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण तीन महिने मला हे एवढंसं वाक्य बोलता आलं नाही.

काकू म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. कोपरला आमची सात मजली इमारत आहे, सहाव्या मजल्यावर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला त्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. काका गेल्यापासून एकट्याच राहतात. मुलगा ठाण्याला असतो. दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "आई, चल आता आमच्याकडे." काकू त्याला आंबोळ्या खायला घालायच्या आणि एकट्याला परत पाठवायच्या. त्यांना त्यांचं घर सोडायचं नव्हतं, विषय संपला.

मी मानपाड्याला एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही लिफ्टमध्ये बसवायचा एक डबा बनवतो. लिफ्ट अडकली की आतलं लाल बटण दाबायचं, खाली वॉचमनच्या खोलीत भोंगा वाजतो. वीज नसताना डबा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी पुरवायची तर त्याने मधल्या वेळात झोपलं पाहिजे. त्याला झोपवणं आणि उठवणं हे माझं काम. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तळाशी कर्नल असतो. झोपायची वेळ झाली की तो स्पीकरला, स्क्रीनला, एकेका उपकरणाला विचारतो, तुझं आवरलं का? उपकरणाच्या वतीने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला हाताळणारा छोटा प्रोग्रॅम, उत्तर देतो. शून्य हे उत्तर आलं की सगळं ठीक. आणि झोपलेल्या डब्याला उठवायचा अधिकार कुणाला, तेही ठरलेलं असतं. आमच्याकडे तो एकट्या लाल बटणाला होता.

पण चाचणीच्या वेळी त्या बटणात ओल धरली. कुणी हात लावलेला नसताना डबा दचकून उठायचा, इकडेतिकडे बघून परत झोपायचा, आणि अशाने बॅटरी बघता बघता खलास. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मी एक ओळ लिहून बटणाचा उठवायचा अधिकारच काढून घेतला आणि शेजारी टीप टाकली, 'तात्पुरतं'. आमच्या धंद्यात या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. ओळ तशीच राहिली आणि डब्यांबरोबर बाहेर गेली.

ती पकडली कशी गेली नाही, असं कुणीही विचारेल. वीज गेल्यावर डबा झोपायला दोन मिनिटं घेतो. आम्ही चाचणीत वीज घालवायचो आणि लगेच बटण दाबायचो. डबा अजून जागाच असायचा, भोंगा वाजायचा, आम्ही कागदावर खूण करून मोकळे. दोन मिनिटं थांबायला कुणाला वेळ होता?

वर शहाणपणा असा की हा डबा मीच आग्रहाने आमच्या इमारतीत बसवला. चेअरमनने नारळ फोडला. काकूंना मीच लिफ्टमध्ये नेऊन बटण दाखवलं होतं. "वीज गेली तरी घाबरू नका काकू, हे दाबायचं, बस."

एका बुधवारी दुपारी काकू भाजी घेऊन येत होत्या. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. फोन घरी चार्जिंगला लावलेला. येईल इतक्यात, उगाच वॉचमनला कशाला पळवायचं, म्हणून त्या थांबल्या. माणूस भिडस्त असला की दोन मिनिटं सहज थांबतो. मग त्यांनी बटण दाबलं. मग परत दाबलं. दार वाजवलं, हाका मारल्या, पण दुपारची इमारत रिकामी आणि वॉचमन गेटवर. पाऊण तासाने वीज आली तेव्हा त्या मेथीची जुडी छातीशी धरून खाली बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा काढून कंपनीत नेला. बटणाच्या मागे एक बारकी चिप असते. डबा झोपला तरी ती जागी असते आणि बटण नीट दाबलं गेलं की मोजते. तिच्यात त्या दुपारचा आकडा होता एक्केचाळीस. ती ओळ मी पुसली, बाकीच्या डब्यांनाही नवीन प्रोग्रॅम पाठवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. काकू म्हणाल्या, "मी बटण दाबलं होतं. चाळीसेक वेळा तरी."

"चाळीस?" मागून कुणीतरी हसलं. "काकू, घाबरल्यावर होतं असं. फॅनचं बटण दाबलं असेल तुम्ही."

चेअरमनने माझ्याकडे पाहिलं. "काय साहेब, डबा बिघडलेला काय तुमचा?"

मी म्हणालो, "मी चेक केलं. चालतंय." त्या क्षणी ते खरं होतं, कारण मीच तो दुरुस्त केला होता. नोकरीची भीती होती, आणि त्याहून जास्त भीती त्या खोलीतल्या पंचवीस माणसांची होती. सगळं आत जळत असताना शून्य असं उत्तर देणारा ड्रायव्हर मी होतो.

काकूंचा मुलगा तिथेच बसला होता. त्याने सगळं ऐकलं.

त्यानंतर काकू जिन्याने यायला लागल्या. सहा मजले, गुडघे धरून. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "मीच चुकीचं दाबलं असेल रे. हल्ली लक्षात राहत नाही." आधी कधी मी त्यांना काही विसरताना पाहिलं नव्हतं. दर वेळी खरं जिभेवर यायचं आणि मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तीन महिन्यांनी ठरलं. फ्लॅट भाड्याने द्यायचा, काकू ठाण्याला जाणार.

निघायच्या दिवशी मी कपाट उतरवायला मदत करायला गेलो. कपाटाची एक बाजू धरून निघालो, तर फ्लॅटच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता, शाळेच्या फळ्यावर असावं तसं वळणदार अक्षर. 'गॅस बंद? नळ बंद? किल्ली घेतली? लिफ्टमध्ये लाल बटण दाबणे, फॅनचे नव्हे.'

मी कपाट खाली ठेवलं आणि मुलासमोर सगळं सांगितलं. ती ओळ, डब्याची झोप, चिपमधला आकडा. "एक्केचाळीस वेळा दाबलं होतं तुम्ही, काकू. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मुलगा चिकटपट्टी हातात धरून उभाच राहिला. "म्हणजे आई बरोबर सांगत होती?"

काकू खोक्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी नुसती मान हलवली. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मुलगा म्हणाला, "आई, मग राहू दे हे सगळं. तुला इथंच राहायचं असेल तर खोकी उघडतो." काकू उठल्या, आत जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आल्या. बसल्या. मग पुन्हा उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तूच बघून ये रे एकदा. माझं काही खरं नाही."