माइक नसलेला पाचवा

हे हवाई दलात होते, पण सगळी नोकरी जमिनीवर. विमानांची यंत्रं दुरुस्त करायची आणि विमान दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, हेच काम. शेवटची नेमणूक लखनौजवळ, बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या स्टेशनवर झाली. मी लखनौमधल्याच एका संशोधन संस्थेत, म्हणून यांच्या निवृत्तीनंतर सांगलीला परतण्याऐवजी आम्ही विकास नगरमध्ये घर घेतलं. घरात ब्रॉडबँड आलं आणि यांनी मागच्या खोलीत कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडली. पडद्यावर का होईना, हे आता स्वतः विमान उडवायला लागले.

अशीच हौस असलेल्यांचा एक गट यांना इंटरनेटवर सापडला. पाच जण आपापल्या घरी बसायचे आणि पडद्यावरच्या एकाच आभाळात बरोबर उडायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर यांच्या मनात आलं की लखनौहून निघावं आणि नैनितालवरून नंदादेवी बघायला जावं. विमानं मुद्दाम लहान, पंख्याची घ्यायची, म्हणजे कुणी मागे पडणार नाही आणि डोंगरही निवांत बघता येतील. आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मी भाजी निवडायला पलंगावर बसू लागले.

रोज संध्याकाळी चर्चा चाले. पुण्याचे एक गृहस्थ, नागपूरचा एक इंजिनियर आणि कानपूरचे एक डॉक्टर हेडफोनवर यांच्याशी बोलत. पाचवा मात्र नुसता टाइप करायचा. रोमन लिपीत हिंदी, तीही चार-सहा शब्दांची. माइक खराब आहे, असं त्याने सुरुवातीलाच कळवलं होतं.

"माइक इतके महिने खराब राहतो का हो?" मी एकदा विचारलं. हे हसले. नवा घ्यायचा कंटाळा करत असेल, म्हणाले.

मग पाचव्याने सुचवलं की लखनौच्या अमौसी विमानतळावरून कशाला, बख्शी का तालाबवरूनच निघू या. वर जाण्याआधी तिथे खालून एक फेरी मारू. यांनी विषय नैनितालकडे वळवला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, तिथल्या स्टेशनची भिंत उत्तरेला कुठवर जाते? यांचं हसणं तिथेच थांबलं. निवृत्तीच्या आधी यांना बजावून सांगितलं होतं की अनोळखी माणसं इंटरनेटवर गोड बोलून स्टेशनची माहिती काढतात. त्या रात्री हे नीट जेवले नाहीत.

पुण्याच्या गृहस्थांनी काहीतरी तांत्रिक खटपट करून शोधलं की हा लखनौमधूनच इंटरनेटवर येतो. आता मलाही झोप लागेना. इथल्या कपूरथला बाजारातल्या ज्या दुकानदाराने यांना जॉयस्टिक विकताना या गटाबद्दल सांगितलं होतं, तोच हा नसेल? महानगर वस्तीतल्या बागेत यांच्या नोकरीची रोज चौकशी करणारे निवृत्त कारकून? भाजीवाल्या भैयाने सहज "साहब एयरफोर्स में थे ना?" म्हटलं, तर मी कोथिंबीर तशीच टाकून घरी आले.

शेवटी यांनी एक गळ टाकला. बख्शी का तालाबला विमानं कुठल्या बाजूने उतरतात, ते मुद्दाम उलटं लिहिलं. पाचव्याने मिनिटभरात दुरुस्त केलं: नहीं, उधर से नहीं आते. हे खुर्चीतून उठले आणि कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं.

"याला सगळं माहीत आहे," म्हणाले. "आता स्टेशनवर जाऊन सांगितलंच पाहिजे."

मी म्हटलं, आधी माणूस कोण ते तर कळू दे. मग यांनी पाचव्याला दोन-तीनदा कुठे राहता विचारलं, आणि शेवटी गटात लिहिलं की उड्डाणाआधी प्रत्येकाने एकदा तरी बोलायचं किंवा भेटायचं, नाहीतर गटातून बाहेर. काही दिवस पाचवा फिरकला नाही. मग एका ओळीत बोलावणं आलं. आप ही आइए, आणि खाली बख्शी का तालाबजवळच्या एका गावाचा पत्ता.

निघताना मी मुलीला सांगितलं, दिवेलागणीपर्यंत आलो नाही तर बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन कर. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, आप लोग चाय पीने जा रहे हैं, छापा मारने नहीं।"

मडियांव ओलांडून सीतापूर रोडने आम्ही गेलो. आंब्याच्या बागेच्या कडेला विटांचं घर होतं. ओसरीत खाटेवर दोन धिप्पाड माणसं बसली होती. त्यांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पण बसा म्हटलं नाही. यांनी माझा दंड धरला. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईने आत बोलावलं.

आत कॉम्प्युटरसमोर साठीचे एक गृहस्थ होते, गळ्याला मफलर. त्यांनी नमस्कार केला आणि काही न बोलता टाइप करून पडदा आमच्याकडे वळवला. लिहिलं होतं, आप सचमुच कौन हैं?

यांनी पेन्शनचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी तपासलं, मग मफलर सैल केला. गळ्यावर पांढऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा होता आणि त्याच्या मागून श्वासाचा आवाज येत होता.

"ऑपरेशन हुआ था गले का," बाई म्हणाल्या. "आवाज़ चली गई।"

पुढचं बाईंनीच सांगितलं. फौजेतला माणूस पुन्हा पुन्हा कुठे राहता विचारतोय, म्हणजे हा पोलिसांकडून आलाय, असं त्यांच्या यजमानांना वाटलं होतं. भीतीने त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली होती. बाहेरचे दोघे बाईंचे भाऊ, आमच्यासाठीच बसवलेले.

मग त्या गृहस्थांनी हळूहळू टाइप केलं. जन्मभर विमानं या बागेवरून जाताना पाहिली. वरून आपलं घर कसं दिसतं, तेवढं पाहायचं होतं. पण पडद्यावर इथे बाग नाही, घर नाही, सगळा नुसता हिरवा रंग. भिंतीचा कोपरा कळला असता तर त्या रंगात घराची जागा तरी सापडली असती.

यांनी ओळखपत्र उचलून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "भिंतीचं मैं नहीं बता सकता।" गडबडीत मराठी आणि हिंदी एक झालं होतं. त्या गृहस्थांनी मान हलवली. राग दिसला नाही. चहा आला, सोबत घुगनी, म्हणजे मटारची उसळ. खाटेवरचे दोघेही आत येऊन बसले.

जानेवारीतल्या एका रविवारी उड्डाण झालं. सगळे निघाले अमौसीहूनच, यांनी त्यात बदल केला नाही. शहर मागे पडल्यावर पाचवं विमान रांगेतून सुटलं आणि हिरव्या पट्ट्यावर गोल फिरत राहिलं. पुण्याचे गृहस्थ त्याला हाक मारणार होते, यांनी त्यांना थांबवलं. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईअलीकडे ते परत येऊन मिळालं. नंदादेवी दिसली तेव्हा हेडफोनवर कुणी बोललं नाही, म्हणून त्या दिवशी सगळेच पाचव्यासारखे झाले.

जूनमध्ये ते गृहस्थ दशहरी आंब्यांची पेटी घेऊन आमच्या घरी आले. यांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, जॉयस्टिक दाखवली, आग्रहाने जेवू घातलं. ते गेल्यावर हे बराच वेळ फाटकाशी उभे राहिले. मग आत येऊन मला विचारलं, "गळ्यावरचं ते कापड... खरंच ऑपरेशनचं होतं ना? तू नीट पाहिलं होतंस?"

पाहिलं होतं, मी म्हटलं. आणि आंबे पाण्यात टाकायला घेतले.