मागच्या खुर्चीवरची वर्लीन

बास मासे धरायच्या होडीत पुढची खुर्ची ज्याची, पहिला मान त्याचा. न ढवळलेलं पाणी त्याच्या वाट्याला, मागच्याने त्याचं उष्टं गोड मानून घ्यायचं. अलाबामातल्या त्या तळ्यावर नवराबायकोतसुद्धा हा रिवाज पाळतात. वर्लीन स्प्रेबेरी लग्न झाल्यापासून मागेच बसली, आणि तरी घरी येताना मासे जास्त तिचेच असायचे.

त्याला कारण तिचा नवरा डेविट. तो पुढून गळ लावलेली खोटी, लाकडी मासोळी फेकायचा आणि हातातल्या दांडीला हलके झटके देत मासोळी पाण्यावर डावीउजवीकडे डुलवत आणायचा. कमळाच्या पानांखालून बास असा उसळायचा की छातीत धस्स व्हावं. पाणी फाटायचं, मासोळी हवेत उडायची, आणि मासा? मासा पसार! "टाक, वर्लीन," डेविट मागे न बघता म्हणायचा. पाण्यावरचं वर्तुळ विरायच्या आत वर्लीन त्यात आपलं रबरी गांडूळ अलगद सोडायची. चवताळलेला बास तिथेच घुटमळत असतो, तोंडासमोरून बुडत चाललेलं गांडूळ तो सहसा सोडत नाही. दोरी एका बाजूला सरकू लागली की वर्लीन दांडी उचलायची.

मग काय, तिच्या जिभेला हाड नाही. तळ्याकाठच्या दुकानात उकडलेल्या शेंगा खाता खाता ती चारचौघांत सांगायची, "आमचा डेविट माशांना नुसती हाक मारतो. पंगत मलाच वाढावी लागते." माणसं खो खो हसायची. डेविटही टोपी मागे सारून हसायचा. तीसेक वर्षं ती त्याला असं चिडवत राहिली आणि तो ऐकत राहिला.

मग एका हिवाळ्यात डेविट गेला. वसंतात बास काठाला आले, पण वर्लीनचं पाऊल होडीकडे वळेना. शेजारचा ओडेल येऊन सांगून गेला, वर्लीनबाई, मी बसतो ना पुढे, चला. तिने त्याला वाटेला लावलं. त्या खुर्चीत ओडेलची रुंद पाठ तिला बघवली नसती. खरं सांगायचं तर तिला मासे नकोच होते. मासे गेले खड्ड्यात. त्याने पुन्हा एकदा पुढून तिला हाक मारावी, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

शेवटी एका सकाळी ती एकटीच निघाली. होडी हळू चालवायची मोटर पुढच्या टोकाला, तिची कळ पुढच्या खुर्चीतूनच पायाने दाबायची. त्यामुळे नाइलाजाने ती डेविटच्या खुर्चीत बसली आणि त्याचीच दांडी उचलली. ते झटके तिने जन्मभर मागून पाहिले होते, हाताला ते लगेच जमले. बास उसळला. निसटला. पुढच्या पानांपाशी दुसरा उसळला, त्याचं चांगलं वजन हाताला लागलं, आणि दोरी ढिली पडली. वर्लीनने चर्चमध्ये न शोभणारी शिवी हासडली आणि मासोळी हातात घेऊन पाहिली.

पोटाखालचे गळ, शेपटीचे गळ, सगळ्यांची टोकं पकडीने तोडलेली होती. वरून कानस फिरवून गुळगुळीत केलेली. तोडल्या जागी जुना गंज चढला होता. डब्यात धारदार नवे गळ पाकिटांतून पडलेले होते, म्हणजे आळसही नव्हे. आणि एकटा जायचा तेव्हा हाच माणूस टोपली भरून आणायचा की!

"अरे मूर्खा," ती मोठ्याने म्हणाली, "एवढं हसू दिलंस मला तुझ्यावर? चारचौघांत?"

तिला त्याच्यावर खूप, मनसोक्त चिडायचं होतं. चिडायला तो समोर हवा होता.

तिने गळ बदलले नाहीत. मासोळी तशीच फेकली. पानांच्या कडेला बास उठला, पाणी फुटलं, वर्तुळ पसरू लागलं. वर्लीन धडपडत मागे गेली, दांड्या आणि डबे ओलांडून आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचली, गांडुळाची दांडी उचलली. तोवर पाणी सपाट झालं होतं. हे एकट्याचं कामच नव्हतं. दांडी मांडीवर घेऊन ती तिथेच मागे बसून राहिली, आणि होडी वाऱ्याने नेईल तिकडे जाऊ दिली.