शाईची बाजू

मसालेभात जरा जास्तच हाणला गेलाय, वर वाटीभर ताक, आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत मार्चचं ऊन. अशा वेळी जो माणूस जागा राहील त्याला हात जोडावेत. मोरेश्वर उकिडवे वेताच्या खुर्चीत बसून स्वतःला बजावतोय, की झोपायचं नाही. गुडघ्याला टेकलेल्या टेबलावर त्याची बोट आहे. ‘तोने’, जपानी आरमाराची क्रूझर, एकास दोनशे मापात, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या डेकवरची शेवटची शिडी त्यानं आत्ताच चिकटवलीय. संध्याकाळी टेम्पो येणार आणि बोट प्रदर्शनाला जाणार.

“पडा की घटकाभर,” कुंदा आतून म्हणते.

“नको. गोंद वाळतोय. लक्ष ठेवतोय.”

“का, तुम्ही नाही बघितलं तर वाळायचा नाही का तो?”

बायकोच्या असल्या प्रश्नांची मोरेश्वरला सवय आहे. तो नुसता हुं करतो. पापण्या मिटतात, उघडतात, परत मिटतात.

तो पेंगतोय तोवर ही काय भानगड आहे ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. जपान हरलं तेव्हा त्यांच्या आरमाराचे नकाशे ढिगांनी जाळले गेले. जे वाचले ते कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर. त्यामुळे जपानी लढाऊ बोटीचं मॉडेल करायचं म्हणजे अर्धं काम हातांचं आणि अर्धं भीक मागायचं. जुने फोटो मागा, कुणी काढलेली ड्रॉइंगं मागा, कुणा परदेशी म्हाताऱ्याला पत्रं घालून जीव नकोसा करा. पुण्यात असे वेडे पाच-सहाच, आणि त्यांचे महाराज म्हणजे त्र्यंबक धारप.

धारप चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य होते आणि मोरेश्वर त्यांच्या हाताखाली. बोटींचं खूळ मोरेश्वरला लावलं धारपांनीच. पण धारपांच्या तोंडून ‘बरोबर आहे’ हे दोन शब्द जन्मात कुणी ऐकले नाहीत. काम चुकलं की चारचौघांत सालटी काढायचे. बिनचूक झालं की कागद बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, “पुढे?” बस्स, एवढंच.

ह्या धारपांनी जपानातल्या कुरे गावच्या एका म्हाताऱ्याला पत्रं पाठवून पाठवून ‘तोने’च्या मागच्या डेकचं ट्रेसिंग मिळवलं. ह्या बोटीच्या सगळ्या मोठ्या तोफा पुढे आणि मागचा भाग विमानांसाठी मोकळा, तेव्हा खरी गंमत मागेच. विमानं सरकवायचे रूळ, फिरत्या चकत्या, झाकणं, शिड्या, सगळं जागच्या जागी दाखवणारा तो कागद. धारपांनी तो कुणाला दाखवला नाही. स्वतः मात्र ‘तोने’ करायला घेतली. सांगाडा झाला, डेक झालं, आणि मग हात कापायला लागले. कंपवात. बारीक काम संपलं ते संपलंच, मागचं डेक तसंच उघडं राहिलं. हॉस्पिटलात मोरेश्वरनं एकदा भीत भीत विषय काढला, “साहेब, ते ट्रेसिंग…” धारपांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो उठून जाईस्तोवर वळवलं नाही. ते गेल्यावर धारपवहिनींनीच ट्रेसिंगची नळी त्याच्या हातात ठेवली. “घेऊन जा बाबा, माळ्यावर झुरळं झालीत नुसती.”

म्हणजे ट्रेसिंग चोरलेलं नाही, रीतसर मिळालंय. बोटही उत्तम झालीय, बक्षीसही मिळेल. पण मोरेश्वरला बक्षीस नकोय हो. त्याला ते दोन शब्द हवेत, आणि ते देणारा माणूस राख होऊन नदीत गेलाय.

“गोंद ओला आहे अजून,” कुणीतरी म्हणतं.

समोरच्या स्टुलावर धारप बसलेत. तोच पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. चष्मा कपाळावर ढकलून ते बोटीवर वाकतात. ‘हा माणूस मेलाय’ असं मोरेश्वरच्या मनात येतं, पण ते तोंडावर म्हणणं आगाऊपणाचं वाटतं.

“या ना साहेब. चहा टाकायला सांगू?”

“ट्रेसिंग कुणी दिलं?”

“वहिनींनी.”

“मी दिलं?”

“तुम्ही… तुम्ही नव्हतात, साहेब.”

“हां. ते एक बरं झालं, नाही का तुझ्या दृष्टीनं?”

मोरेश्वरचे कान तापतात. धारप डेकवरून बोट फिरवतात, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की त्यांचा हात अजिबात कापत नाहीये. सरळ, स्थिर, पहिल्यासारखा. त्याला भडभडून येतं.

“साहेब, हात बरा झाला तुमचा!”

“मेल्यावर बरा होतो,” धारप म्हणतात. “फार उपयोगाच्या वेळी. चल.”

कुंदा स्वयंपाकघरात कुकर लावतेय. तिच्या पाठीमागून दोघं जातात, आणि स्वयंपाकघर संपतं तिथं ड्रॉइंग ऑफिस लागतं. बोर्डांच्या रांगा, छपाईच्या यंत्राचा नाकात जाणारा अमोनियाचा वास. सगळे पाठमोरे बसून काम करताहेत, कुणी वळून बघत नाही. शेवटच्या बोर्डावर ते ट्रेसिंग लावलंय.

“नख फिरव,” धारप म्हणतात.

आता हे ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवतात. ट्रेसिंगचा कागद आरपार दिसतो, दोन्हीकडून सारखाच. म्हणून आधी नख फिरवायचं. शाईची बाजू खरखरीत लागते, ती वर ठेवायची. उलटा ठेवलात तर डावं ते उजवं होतं आणि सगळं मुसळ केरात. एकदा एका पोरानं असा उलटा छाप काढला आणि पंपाचं बिडाचं कवच उलटं ओतून आलं. धारप रिटायर होईपर्यंत त्याला ‘उलटे’ म्हणूनच हाक मारायचे, त्याच्या लग्नाच्या रिसेप्शनलासुद्धा.

मोरेश्वर नख फिरवतो. कागद गुळगुळीत लागतो. तो परत फिरवतो. गुळगुळीतच.

“आकडे वाच. मोठ्यानं वाच.”

आकडे उलटे आहेत. तिनाची तोंडं दुसरीकडे, साताची मान दुसरीकडे. जपानी अक्षरं त्याला काय कळणार, पण आकडे? आकडे तर पोरसोरही वाचेल!

“साहेब, पण मी तर… मी बघितलं होतं…”

“काय बघितलंस? नळी हातात पडली आणि तू पळालास. वाटेत कुणी परत मागेल म्हणून. मोरू रे मोरू! नळीत घालताना मीच उलटं गुंडाळून ठेवलं होतं. म्हटलं, कोण माळ्यावर चढतंय ते तर बघू.”

पाठमोरे बसलेले खांदे हलतात. हसताहेत सगळे.

मोरेश्वरला पळून जायचंय. तो वळतो, पण जमीन आता तपकिरी आहे, ऊन खाऊन तापलेली. बोटीच्या डेकवर अंथरतात ते लिनोलियम. मध्ये मध्ये पितळी पट्ट्या. हे ‘तोने’चं मागचं डेक, आणि ते त्याला पाठ आहे. इथला एकेक खिळा त्यानं चिमट्यानं बसवलाय. डाव्या हाताला झाकण, पुढे चकती, मग रूळ ओलांडले की शिडी. तो डोळे मिटून चालू शकेल. तो डोळे मिटून चालतोही, आणि शिडीच्या जागी पाय टाकतो तर तिथं काहीच नाही. खाली समुद्र आहे.

धारप त्याची कॉलर धरतात. मागे खेचत नाहीत, नुसते धरून ठेवतात.

“शिडी कुठाय, मोरू?”

“त्या बाजूला.”

“तुझ्या बोटीत?”

“ह्या बाजूला.”

“मग संध्याकाळी लोक येतील, बघतील. आपली ती पाच-सहा गाढवंही येतील. काय सांगशील त्यांना? धारपांचा पट्टशिष्य?”

“साहेब, पाया पडतो तुमच्या,” मोरेश्वर रडायच्या बेताला आलाय. “मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करतो.”

आणि इथं धारपांचा आवाज बदलतो. इतका मऊ आवाज मोरेश्वरनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. ते त्याला कडेवरून आत घेतात, पाठीवर हात ठेवतात. डेकच्या मधोमध हॉस्पिटलची लोखंडी खाट आहे, चादर नीट घातलेली. दोघं तिच्यावर शेजारी शेजारी बसतात. बोट आता मोरेश्वरच्या मांडीवर आहे, लहानशी.

“वेळ आहे अजून,” धारप म्हणतात. “मी बसलोय ना. एकेक काढ. शिडी आधी.”

मोरेश्वर शिडी काढतो. अलगद निघते.

“बरोबर,” धारप म्हणतात.

मोरेश्वर त्यांच्याकडे बघतच राहतो. आपण ऐकलं ते खरं का?

“बघतोस काय? झाकण काढ. हां, बरोबर. आता रूळ. नेटानं ओढ, भिऊ नको. बरोबर. अगदी बरोबर, बाळा.”

काय सांगू त्याचं काय होतंय! उभ्या आयुष्यात मिळाली नाही ती शाबासकी आता नुसती ओतली जातेय. तो एकेक भाग काढतो आणि प्रत्येकाला ‘बरोबर’ मिळतं. चकत्या, दुसरे रूळ, कठड्याचे खांब. तो हसतोय, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. ठेवू कुठं विचारलं तर धारप म्हणतात, मुठीत ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नको. तो मूठ घट्ट मिटतो. आता डेकवर काही म्हणजे काही उरलेलं नाही.

“झालं, साहेब. आता दुसऱ्या बाजूला लावू?”

धारप उठतात. चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि बोटीकडे निवांत बघतात, पोटभर जेवलेल्या माणसासारखे.

“कशाला?” ते म्हणतात. “आता माझ्या बोटीसारखीच झाली की.”

“अहो! टेम्पो आलाय खाली. ड्रायव्हर वर येतोय.”

कुंदा दारात उभी आहे. ऊन उतरलंय. मोरेश्वर खुर्चीत पुढे वाकून बसलाय आणि त्याचा उजवा हात ठणकतोय. तर्जनीचं नख मधोमध मोडलंय, खाली रक्त आहे. बाकीची बोटं मुठीत मिटलेली.

समोर ‘तोने’ पुढून जशीच्या तशी आहे, तोफा रोखलेल्या, झकास. मागचं डेक उघडं पडलंय. रूळ उपटताना खालचा तपकिरी रंगही सोलून निघालाय, पितळी पट्ट्या वर आल्यात. सहज निघालेलं काहीच नव्हतं.

“अगं बाई,” कुंदा तोंडावर हात ठेवते. “हे काय केलंत? मी तर आतून तुमचं हसणं ऐकत होते. म्हटलं, छान चाललंय काम.”

तो तिला ढकलूनच उठतो. ट्रेसिंग भिंतीवरच्या बोर्डाला लावलेलं आहे, इतके दिवस तिथंच आहे. उजव्या हाताची मूठ मिटलेली आणि नख मोडलेलं, म्हणून तो डाव्याचं फिरवतो. खरखरीत. वरपासून खालपर्यंत खरखरीत. तिनाची तोंडं जिकडे हवीत तिकडे आहेत, साताची मानही. पहिल्या दिवशीच त्यानं नख फिरवून, आकडे वाचून हा कागद लावला होता. जन्मभर ज्यानं हेच काम केलं तो दुसरं काय करणार? बोट बरोबर होती. सगळी, खिळ्यासकट बरोबर होती.

बेल वाजते. कुंदा दार उघडते आणि ड्रायव्हर डोकं आत घालून बघतो.

“हीच न्यायची ना, काका? का अर्धवट आहे अजून?”

धारपांना चार शिव्या हासडाव्यात म्हणून मोरेश्वर तोंड उघडतो, आणि शिव्या येत नाहीत. कानात अजून तो मऊ आवाज आहे. अगदी बरोबर, बाळा. सगळ्यात वाईट म्हणजे तो त्याला अजूनही गोड लागतोय, आणि हे कळून त्याला स्वतःची शिसारी येते.

“मूठ उघडा आधी,” कुंदा म्हणते. ती भांडंभर कोमट पाणी घेऊन आलीय.

त्याची मूठ उघडत नाही. शेवटी तीच एकेक बोट सोडवते. रूळ, खांब, चकत्या पाण्यात पडतात. शिडी तेवढी तळहाताला चिकटून बसलीय, आणि ती ओढते तेव्हा तिच्याबरोबर कातडं येतं.