तृणमणी

मुख्य स्विच ओढण्याआधी ते खिशातून मधाच्या रंगाचा खडा काढायचे, स्वेटरच्या बाहीवर खसाखसा घासायचे आणि त्याने टेबलावरचा कागदाचा कपटा उचलून दाखवायचे. "तर, आधी नमस्कार. मग काम."

जर्मनीत डार्मश्टाटच्या आमच्या प्रयोगशाळेतले हे जुने तंत्रज्ञ, मूळचे आइसलँडचे. ज्यांच्यावाचून प्रोफेसरांचं पान हलत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती, अर्धं गाव अजून बांधायचंच होतं. माझी पीएच.डी. त्याहून अर्धवट, तरी पहिल्या दिवसापासून मला ते "डॉक्टर" म्हणायचे. खड्याचा तो सोहळा बघून मी मनात म्हणायचो, काय पोरखेळ लावलाय म्हाताऱ्याने!

त्या हिवाळ्यात मला शॉक बसला. वाचलो, पण नंतर स्विचकडे गेलं की हात लटलट कापायचा. प्रयोग नाही तर पदवी नाही, आणि पदवीशिवाय पुण्याला कुठल्या तोंडाने जाणार? आठवड्याने मी सरळ बॅग भरायला घेतली.

ते कळल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि खडा हातात दिला.

"आमच्या भाषेत विजेला 'राफ्माग्न' म्हणतात, डॉक्टर. 'राफ' म्हणजे हा अंबर, झाडाचा चीक गोठून झालेला. 'माग्न' म्हणजे बळ. तुम्हाला चावलं ते हेच. घासा. बघा, मुठीत मावतं."

मी घासला. कपटा टुणकन चिकटला. आणि एकदम वडील आठवले. संस्कृतचे मास्तर, अंबराला ते तृणमणी म्हणायचे.

"तृण म्हणजे गवत," मी सांगितलं. "गवत ओढून घेणारा मणी."

त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग टोपी काढली.

"कुठे तुमचे लोक, कुठे आमचे! आणि दोघेही याच्याकडे असेच बघत बसले होते."

अहो, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याला मी पोरखेळ म्हणत होतो, तो केवढा जुना होता!

बॅग रिकामी केली. पुढे रोज स्विच मीच ओढायचो, पण माझ्या हातावर त्यांचा हात असायचा. कागदाचे कपटे गेले. आता ते काड्यापेटीत वाळकं गवत आणायचे.

वसंतात ते हॉस्पिटलात गेले, परत आले नाहीत. बातमी आली त्या सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. हॉस्पिटलात जाताना त्यांनी स्विचखाली खडा आणि काड्यापेटी ठेवली होती.

मी खडा बाहीवर घासला. गवताची काडी उडी मारून चिकटली. "नमस्कार," मी म्हणालो. हात कापतच होता. तरी स्विच ओढला.