लासुर्ण्याची पांढरी जपानी गाडी आणि मामीचा भंडारा

सोपानमामांचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही, कारण एसटीडी बूथमध्ये उभे राहूनही मामा सलग बोलत होते. एरवी "बरी हायेस न्हवं? ठिवतो" इतकंच. त्या दिवशी आधी साखरेचं सांगितलं, मग डोळ्यांचं, मग बारामतीच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद करा म्हणून दिलेली तंबी. शेवटी मुद्द्यावर आले. "सुनंदे, गाडी घिऊन जा. पोरं म्हणत्यात भंगारात घाला. तू नेलीस तर ऱ्हाईल. पर जायच्या आदी तुजी मामी येकदा तिच्यात बसली पायजे. तेवढं जमव."

आता आधी गाडीबद्दल. मामा मस्कतला एका गॅरेजात फिटर होते. तिथे एका शेठने वापरून टाकलेली जपानी स्पोर्ट्स कार त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केली आणि कायमचं परत येताना बोटीने आणली. दोन दारं, दोनच सीटा, लांबलचक नाक, दुधासारखा पांढरा रंग आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. कंपनी आणि मॉडेल मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली प्रतिक्रियांमध्ये ती कुठल्या साली निघाली यावरून तुम्ही लोक भांडत बसता, मला माहीत आहे.

आणि मामी. अंजिरामामी लासुर्ण्यात राहून त्या गाडीत कधीही बसली नव्हती. त्याचं असं झालं की आमच्या घरात नवं वाहन आलं की त्यावर खंडोबाचा भंडारा उधळायचा, म्हणजे मूठभर हळद. आमच्या आजोबांची मेंढरं होती तेव्हा बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्यावरही उधळायचे म्हणे. गाडी दारात आली तेव्हा मामी ताट घेऊन पुढे झाली, आणि मामा सगळ्या भावकीसमोर ओरडले, "लांब! रंगाला डाग पडंल." मामीने ताट देवघरात नेऊन ठेवलं. भांडण नाही, अबोला नाही. नवऱ्याला वेळेवर भाकरी, चहा, औषध. फक्त गाडीत बसणं नाही. इंदापूरला लग्न असलं तरी मामा गाडीने जाणार आणि मामी यष्टीने. गावात त्याची थट्टा व्हायची आणि मामा कसंनुसं हसायचे.

तर थंडीत, ऊस तोडणी ऐन भरात असताना मी निघाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा स्वारगेटवरून बारामतीची एसटी पकडायची हाच राजमार्ग. खिडकीची जागा मिळाली तर डोक्याला रुमाल बांधा, धुळीची शपथ आहे. बारामती स्टँडबाहेर कांदाभजी आणि दोन कप चहा घेतला आणि इंदापूरच्या गाडीत बसले. भवानीनगरच्या पुढे बस उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकली. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकीतून हात घालून सफाईने एक कांडं उपसलं आणि अर्धं मोडून मला दिलं. पुढून कंडक्टर म्हणाला, "आबा, कारखान्याचा हाय त्यो." म्हातारा म्हणाला, "मी मेंबर हाय." तो विषय तिथेच मिटला आणि आम्ही लासुर्ण्यापर्यंत ऊस खात गेलो.

मामांचं घर रस्त्यापासून आत, उसातून जाणाऱ्या गाडीवाटेच्या टोकाला. गोठ्याशेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गाडी. तिच्यावर ताडपत्री नाही, तीन जुनी घोंगडी शिवून केलेलं पांघरूण! ताडपत्रीखाली घाम धरतो आणि पत्रा गंजतो, लोकरीखाली गाडी श्वास घेते, हे मामांचं शास्त्र. मला ते पटलं आणि आजही माझ्या पार्किंगमध्ये तेच पांघरूण आहे. मेंढरं विकून जमाना झाला होता, पण घोंगडी अशी कामाला आली.

संध्याकाळभर मामांनी मला गाडी शिकवली. खरं तर तिचे लाड शिकवले. सकाळी उठल्या उठल्या तिला पळवायचं नाही. रबरी नळ्या दर पावसाळ्यानंतर हाताने दाबून बघायच्या. हिचे सुटे भाग पुण्यात कुठे मिळतील याची आशाच सोडायची. वालचंदनगरला मामांचे एक निवृत्त दोस्त होते, ते लेथवर बुश कातून द्यायचे आणि बदल्यात गाडीतून एक चक्कर मागायचे. सगळ्यांत नाजूक म्हणजे दोन कार्ब्युरेटर, इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारे. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी अडखळते. मामा म्हणाले, या सख्ख्या जावा हायत, एकीला जास्त वाढलं की दुसरी रुसती.

रात्री जेवताना मी विषय काढला. मामीने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे सांगितलं, "बैलगाडीला भंडारा पडला, टॅक्टरला पडला, पोराच्या मोपेडला पडला. हिलाच न्हाय. मंग ही घरातली कशी? पावनी हाय ती. पावनीच्या मांडीवर मी कशाला बसू?" मी मामांकडे पाहिलं. ते पिठल्यात भाकरी कुस्करत होते. मग ताटाकडे बघूनच म्हणाले, "घाल सकाळी." मामांच्या ताटात न विचारता अजून एक पळी पिठलं पडलं.

सकाळी मी अंघोळ करून येते तो शेडबाहेर गाडी सुरू, बॉनेट उघडं, हवेची जाळी काढून बाजूला ठेवलेली. मामा रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून डोळे मिटून उभे. डोळे अधू झाले तरी कान शाबूत होते. कुठली जाऊ जास्त ओढते ते आवाजावरून ठरवत होते. गाडीबाईंची पाठवणी होती ना, शेवटचं जुळवणं चाललं होतं.

तेवढ्यात मामी आली. हिरवं लुगडं, हातात ताट. जवळ येऊन तिने येळकोट म्हटलं आणि इतक्या वर्षांची साठवलेली अख्खी मूठ उघड्या बॉनेटमध्ये मारली.

गाडीने ती हळद सरळ छातीत ओढली. एकदा ठसकली, दुसऱ्यांदा ठसकली, तिसऱ्यांदा शिंकून तिने मामांच्या सदऱ्यावर पिवळा धूर सोडला आणि बंद पडली. आता मामा ओरडले तर मामी काही या जन्मात त्या गाडीत बसत नाही, एवढं मला कळत होतं. मामीचा हात तसाच हवेत.

मामांनी कानातली नळी काढली. चष्मा पुसला, त्याने हळद आणखीच पसरली. "अंजिरा," ते म्हणाले, "लोक वरनं घालत्यात. तू पोटात घातलास." आणि असे हसायला लागले की त्यांना मडगार्डवर बसावं लागलं, ज्या मडगार्डला आम्ही कुणी कधी टेकलोही नव्हतो. मामीने पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं रडतेय. रडत होतीच, पण हसतही होती.

मग कार्ब्युरेटर उतरवले. कणिक मळायच्या परातीत पेट्रोल ओतलं आणि एकेक भाग धुवायला घेतला. त्यांच्यात पितळेचे बारीक जेट असतात, सुईच्या टोकाएवढं भोक. ते साफ झालं की नाही हे मामांना दिसेना. मी हात पुढे केला, पण मामीने मला कोपराने बाजूला सारलं. गोधड्या शिवणारी बाई ती. एकेक जेट उन्हाकडे धरायची, फुंकायची, परत धरायची. मामा विचारायचे, "दिसतंय?" मामी म्हणायची, "न्हाय. आजून." परत फुंकायची. अशी दुपार झाली. मी चहा करत राहिले, कारण त्या परातीच्या दोन बाजूंना तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

गाडी सुरू झाली तेव्हा मामांनी उजवीकडचं दार उघडून धरलं. मामीने चपला काढल्या. "ऱ्हाऊ दे पायात," मामा म्हणाले. ती चपलांसकट बसली.

मी चावी मागितली तर मामा म्हणाले, रस्त्यापातुर मीच नेतो. वाट त्यांची स्वतःची, दोन्हीकडे स्वतःचा ऊस, आणि वेग बैलगाडीचा, म्हणून मी बाजूला झाले. मागून चालत राहिले. काच खाली होती आणि मामीचा आवाज येत होता, बैलांना सांगावं तसा. "जरा माज्याकडं घ्या. दगूड हाय. आता सरळ. जावा, मोकळं हाय." मामा जात होते. मला भरून आलं, आणि लिहिताना आत्ताही येतंय.

डांबरी रस्त्यावर मामा उतरले आणि मी डावीकडे बसले. हायवे रुंद म्हणून उलट्या दिशेने इंदापूरला जाऊन तिथून पुण्याला वळायचं ठरलं होतं. वाटलं मामी उतरेल. तिने पट्टा कुठे असतो तेवढं विचारलं. "ट्राली आडवी आली तर तुला डावीकडनं काय दिसणार? मी इंदापूरपातुर येती." बरोबरच होतं. डाव्या स्टिअरिंगने आपल्याकडे पुढच्याला ओलांडायचं तर उजवीकडच्या माणसाचे डोळे लागतात, आणि मामांच्या उजवीकडची सीट लांबच्या प्रवासात नेहमी रिकामीच असायची. शिवाय दोनच सीटा. मामा म्हणाले, मी यष्टीनं येतो मागनं.

लासुर्णे ते इंदापूर रस्ता अरुंद, पण सुरेख. अंथुर्णे गेलं, निमगाव केतकीला पानमळ्यांचा गारवा लागला. तिथली खायची पानं मिळाली तर जरूर घ्या. प्रत्येक ट्रॉलीमागे मामी मान बाहेर काढायची. "थांब. थांब. जा, मोकळं हाय." गाडी दोन्ही जावांच्या एकदिलाने पळत होती. मामीने विचारलं, हे असंच पळायचे व्हय एकटे? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "येडं हाय." किती मायेने म्हणाली ते लिहून सांगता येणार नाही.

इंदापूर स्टँडसमोर आम्ही भेळ खात थांबलो. बऱ्याच वेळाने बस आली आणि गर्दीतून मामा उतरले, सदऱ्यावर अजून हळद. गाडीजवळ आले आणि खिडकीतून मामीला म्हणाले, "लई येळ लावती गं ही यष्टी." मामी म्हणाली, "व्हय. म्हाईत हाय मला." एवढंच. तिने उतरून त्यांचा हात धरला आणि दोघं परतीच्या फलाटाकडे गेली. मामांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं, नाहीतर मी ती तिथेच सोडून आले असते.

पुढे सोलापूर हायवे. दुपारी उशिरा निघालात तर भिगवणला थांबून उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी खा, तिखट सांभाळून. अंधार पडायच्या आत यवत गाठा, कारण ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. उजवी सीट रिकामी होती, म्हणून मी हडपसरपर्यंत कुणालाही ओलांडलं नाही. ट्रकवाल्यांनी दिलेले हॉर्न अजून कानात आहेत.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी आहे, पळते. रुसते, मी समजूत काढते. बॉनेटच्या आतल्या कडेला पिवळा डाग आहे आणि रंग देणाऱ्याला मी तिथे हात लावू देत नाही.

दर खंडेनवमीला मामी पुण्याला येते. कंबर वाकली आहे, पण ताट स्वतःच आणते. मी बॉनेट उघडते. ती आधी पदर सोडून दोन्ही कार्ब्युरेटरवर नीट अंथरते, कडा दाबते आणि मगच मूठ उधळते. मग पदर झटकून, चपलांसकट, उजवीकडे जाऊन बसते आणि समोर बघत म्हणते, "जा. मोकळं हाय."