साडूभाऊंचं ‘नाही’

पंगतीतले वाढपी सोडले, तर ‘तुम्हाला काय हवंय?’ असं मनापासून विचारणारा माणूस या पृथ्वीवर एकच उरला आहे, आणि तो माझा साडू आहे. फरक एवढाच की वाढपी विचारतो आणि वाढतो. आमचे साडूभाऊ विचारतात, तासभर ऐकून घेतात आणि मग नाही म्हणतात. मुळशीत धरणालगत त्यांची भातशेती आहे, ती भाऊबंद बघतात. साडूभाऊ शिकले, पुण्यात नोकरीला लागले, ती सोडून घरी आले आणि वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी एक फ्रेमवर्क लिहीत बसले. घर बांधणाऱ्याला खांब आणि तुळया आयत्या मिळाल्या की तो भिंती-रंगाचं बघायला मोकळा होतो, तसंच हे, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. हे खांब ते जगाला फुकट वाटतात. पोटासाठी इतरांचीही कामं करतात, पण त्यांबद्दल विचारलं तर त्यांना पटकन आठवत नाही.

दरवर्षी भातकापणी उरकली की त्यांना नव्या आवृत्तीचे वेध लागतात. ‘पुढच्या खेपेला काय हवंय ते सांगा,’ असं ते इंटरनेटवर जाहीर करतात आणि जो कोणी मागेल त्याला स्वतः फोन लावतात. लिहून आलेल्या मागणीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “माणूस लिहायला बसला की औषध लिहितो, दुखणं लिहीत नाही,” असं त्यांचं म्हणणं. घरात रेंज फक्त गोठ्यापाशी येते, त्यामुळे या सगळ्या मुलाखती म्हशीच्या साक्षीने होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काल तुम्ही नेमकं काय करत होता, तिथून सांगा.” नागपूरच्या एका गृहस्थांना एका क्लिकवर अख्ख्या साइटचा रंग बदलण्याची सोय हवी होती. बोलता बोलता निष्पन्न झालं की अडचण रंगाची नसून त्यांच्या साहेबांची आहे. साहेब रोज जेवून आले की मत बदलतात. साडूभाऊंनी सोय नाकारली आणि रंग साहेबांना जेवणानंतरच दाखवा असं सुचवलं. त्या गृहस्थांनी आभार मानले, आणि पुढे लग्नाची पत्रिकाही पाठवली.

बरं, हे खूळ गोठ्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. त्यांच्या घरी जेवताना मीठ मागायची सोय नाही. “अळणी लागतंय, की भाजीच आवडली नाही?” असं ते इतक्या आस्थेने विचारतात की आपणच विचारात पडतो आणि भाजी तशीच संपवतो. शिवाय एक नवीन आलं की एक जुनं गेलं पाहिजे, हा फ्रेमवर्कचा नियम त्यांनी स्वतःच्या कपाटालाही लावला आहे. दिवाळीत आम्ही शर्ट नेला, तर अंगातला काढून गड्याला दिल्याशिवाय त्यांनी तो घेतला नाही. माझ्या मेहुणीने स्वयंपाकघरात एक फळी मागितली होती. चौकशीअंती फळीची गरज नसून डबे चुकीच्या जागी आहेत असा निकाल लागला. डबे हलले. मेहुणी अजून डब्यांच्या मूळ जागेपाशी जाऊन हात वर करते. साडूभाऊंच्या आई हे सगळं ओट्यावरून पाहत असतात. “जगाला इचारतुया काय पायजे, आन् घरात कुणी मागितलं की न्हाई म्हणतुया,” एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ पाखडायला घेतात.

यंदा कापणी उरकली, साडूभाऊंनी जाहीर केलं, आणि कोणीच काही मागितलं नाही. हल्ली वेबसाइटवाल्यांचं काही अडलं की ते एआयला विचारतात. एआय काही उलटं विचारत नाही, मागाल ते लगेच लिहून देतं. आम्ही पुण्याजवळच्या सूसहून, आमच्या घरून, जेवायला गेलो तेव्हा साडूभाऊ गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, फोन मांडीवर. “मागणं थांबलं म्हणजे एक तर सगळ्यांना सगळं मिळालं,” ते मला म्हणाले, “नाहीतर माणसं निघून गेली. सगळं कुणालाच मिळत नाही.” त्यांच्यावर हसायची मला इतकी सवय आहे, पण त्या वेळी हसू आलं नाही. वाईट वाटलं.

आत आलो तर त्यांच्या आईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. “पावणं, लई दीस झालं, फोन वाजला न्हाई त्येचा. जेवत बी न्हाई धड. तुमी तरी मागा की काय तरी.”

आमच्या सोसायटीची वेबसाइट मी साडूभाऊंच्याच फ्रेमवर्कवर उभी केली आहे. पाण्याचा टँकर कधी येणार ते तिच्यावर कळतं. मी गोठ्याकडे परत गेलो आणि म्हणालो, “साडूभाऊ, टँकर गेटात शिरला की साइटवरून सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजायला हवी. तशी सोय करा.”

त्यांनी फोन खिशात टाकला, माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली आणि विचारलं, “काल टँकर आला तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता, तिथून सांगा.”

मी सांगत गेलो. टँकर, बादल्या, वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, सगळं निघालं. म्हैस दोनदा उठली आणि दोनदा बसली. आतून जेवायला हाका आल्या त्या आम्ही दोघांनीही ऐकल्या नाहीत. शेवटी ते मागे रेलले, आणि टँकर आला की वॉचमन हाक मारतोच, ती ऐकायला माणसं गॅलरीत येतात, तेवढीच एकमेकांना दिसतात, असं बरंच काही समजावून अतिशय प्रेमाने म्हणाले, “नाही.”

जेवायला बसल्यावर त्यांनी आंबेमोहराचा भात दोनदा मागून घेतला. त्यांच्या आईंनी मला आमटी वाढता वाढता हळूच विचारलं, “दिलं का त्येनं?”

“नाही म्हणाले.”

“मंग बरा हाय त्यो,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात धरणातल्या माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

सूसला परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं, की ती घंटा मला खरंच हवी होती. पुढच्या कापणीनंतर पुन्हा मागेन म्हणतो. तोवर त्यांच्याजवळ ‘नाही’ शिल्लक असावं, एवढीच इच्छा आहे.